ओठात, पोटात आणि हेल्मेटात

"वाचा व हेतू यांचा मेळ नाही. कृपया पुन्हा या," हेल्मेटातली बाई म्हणाली, आणि तेही इतक्या गोडीत, की प्रणाली शेडगेला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण झिंज्या असायला आधी डोकं लागतं, आणि ही बाई म्हणजे नुसता आवाज. डोकं होतं ते प्रणालीचं. ते घामानं भिजून गेलं होतं.

तिनं हेल्मेट काढून समोर पाहिलं. ती बसली होती ती मोटारसायकल बोल्टांनी फरशीला आवळलेली होती. पुढच्या भिंतभर पडद्यावर पहाटेचा घाटरस्ता होता आणि त्या रस्त्यावर समोरून आलेला टेम्पो कठड्याला धडकून उताणा पडला होता. टेम्पो खोटा, घाट खोटा, हे तिला कळत होतं. तरी तिनं ब्रेक अजून आवळून धरला होता.

"साहेब, मी काय केलं?"

"टेम्पोवाल्याच्या डोळ्यांवर फुल्ल लाइट मारलात, ताई," निरीक्षक तांबोळी म्हणाले. शिकाऊ परवान्याची परीक्षा घेऊन घेऊन या माणसाचा आवाज पार सपाट झाला होता.

"मी कशाला मारू? उजाडलं होतं म्हणून मी दिवा वाढवला."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही म्हणालात 'दिवा वाढवते', त्यानं वाढवला."

प्रणालीला आधी उलगडेना. मग उलगडलं, तशी ती उखडलीच. "अहो साहेब, मग काय 'विझवते' म्हणू? भरल्या घरातली बाई मी!"

तिचं खरं होतं. तिच्या सासूच्या राज्यात दिवा कधी विझत नसे, वाढत असे. नारळ फुटत नसे, तोही वाढत असे. बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणायचं आणि वाण्यानं रात्री दुकान बंद केलं तर त्यानंही दुकान वाढवलं म्हणायचं. वाईट शब्द जिभेवर आला की वाईट घडतं, हा साधा हिशोब. लग्न होऊन आली तेव्हा एकदा ती "ट्यूबलाइट घालवू का?" एवढंच म्हणाली होती, तर सासूबाई आठवडाभर तोंड फिरवून बसल्या होत्या.

"मला कळतं हो," तांबोळी म्हणाले. "माझी आईसुद्धा दिवा वाढवायचीच. याला कळत नाही. पुढच्या आठवड्यात या."

हे हेल्मेटाचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. माणूस ब्रेक दाबतो तेव्हा हात हलण्याआधी मेंदू हलतो. हात उचलायची तयारी डोक्यात सुरू होते, तिचा एक बारीकसा विजेचा तरंग उठतो, आणि त्यानंतर कुठं स्नायूला सांगावा जातो. या सगळ्यात पाऊण सेकंद तरी जातो, आणि पन्नासच्या वेगानं निघालेली मोटारसायकल तेवढ्यात दहा मीटर पुढं गेलेली असते. घाटातल्या वळणावर दहा मीटर म्हणजे दरी. म्हणून नव्या गाड्यांच्या हेल्मेटात, आतल्या अस्तराला, मेंदूचे तरंग टिपणारी बटणं बसवली. तुम्ही ब्रेक लावायचं मनात आणलंत की हात पोचायच्या आधी गाडी ब्रेक लावून मोकळी.

पण मनात काय, हजार गोष्टी येतात. माणूस सिग्नलला उभा राहून साहेबाच्या थोबाडीत मारायचंही मनात आणतो. मनातल्या प्रत्येक लहरीवर गाडी चालायला लागली तर रस्त्यावर आपलं कुणी उरणार नाही. म्हणून मग अभियंत्यांनी दुसरा साक्षीदार जोडला, तोंडचा शब्द. दिव्यासारखी किरकोळ कामं गाडी नुसत्या शब्दावर करी. ब्रेकसारखं जोखमीचं काम मात्र मनातला हेतू आणि तोंडचा शब्द, दोन्ही एक झाले तरच. हात आणि पाय होतेच, पण ते उशिरा पोचणारे. घाटरस्त्यांवर अशाच गाड्या चालवायच्या असा कायदा झाला आणि ज्याच्या ओठात एक, पोटात एक, तो माणूस रस्त्याला धोकादायक ठरला.

कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की यात लबाड माणसं सापडतील. लबाड माणसं पहिल्या फटक्यात पास होत होती. सापडल्या त्या प्रणालीसारख्या चांगल्या घरच्या बायका.

आणि तिला परवाना हवाच होता. हौस म्हणून नव्हे. गेली कित्येक वर्षं ती डोंगरातल्या धनगरवाड्यांवर शेळ्यामेंढ्यांना लस टोचायला जात होती, मानधनावर. आता तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फिरत्या लसटोचकाची कायमची जागा निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्याइतकं काम कुणाला येतं? पण पावसाळ्याच्या आत निदान शिकाऊ परवाना दाखव. नाहीतर माझा नाइलाज आहे." वरच्या वाड्यांचा चढ असा, की तिथं हलकी स्कूटर पायथ्यालाच धापा टाकी.

आजवर ती नवऱ्याच्या मागं बसून जायची. हणमंत पुढं, ती मागं, मधे लशीचा थंड डबा. हणमंत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवी. त्याला वेळ असेल तेव्हा डोंगर, नसेल तेव्हा नाही. मागल्या उन्हाळ्यात शाळा बंद, तर व्हॅनला लग्नसराईची भाडी; त्याला सलग वेळच नव्हता. डब्यातला बर्फ दोनदा वितळला, लस वाया गेली, आणि तिसऱ्या खेपेला ती वर पोचली तोवर ठकूबाई धनगरणीच्या शेळ्या आंत्रविषारानं पटापट पडल्या होत्या. ठकूबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू तरी काय करशील बाय? नवऱ्याच्या मागं बसून येनारी तू." त्या वाक्यानं प्रणालीची झोप उडवली. त्या दिवशी तिनं ठरवलं की गाडी शिकायची.

हणमंतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शिक की. मी कुठं नको म्हणतोय?"

दुसऱ्या खेपेला तिनं दिव्याचं नाव काढलं नाही. चहाच्या टपरीजवळून गाडी काढून रस्त्याला लागायचं होतं, आणि काय करताय ते मोठ्यानं बोलायचं होतं. प्रणालीनं आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि टपरीवाल्याला म्हणावं तसं म्हणाली, "येते हं."

"वाचा व हेतू यांचा मेळ नाही. कृपया पुन्हा या."

"आता काय झालं?"

"तुम्ही निघाला होतात ना, ताई?" तांबोळींनी कपाळ चोळलं. "मग 'येते' कशा? त्याला वाटलं तुम्ही उलट्या येताय."

"घरातनं निघताना 'जाते' म्हणतात होय कुणी? जातात ते परत न येणारे!"

"मला नका सांगू," तांबोळी म्हणाले. "माझी बायकोपण याच्यातच नापास झालीय."

तिसऱ्या खेपेला ती दात-ओठ खाऊन बसली. घाट झाला, चौक झाला, सगळं ठीक. मग पडद्यावर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस आली. जन्म गेला जनावरांत, प्रणाली गाडी बाजूनं काढता काढता म्हशीला म्हणाली, "थांब गं बाई, थांब." म्हैस थांबली नाही. गाडी थांबली. 'थांब' मनातही होतं आणि तोंडातही, ते कुणासाठी एवढंच मशीनला कळलं नाही. मागून आलेला खोटा ट्रक तिच्यावर आदळला.

ती बाहेर आली ती चप्पल आपटत. फाटकापाशी बबन शिर्के नावाचा एजंट पान लावत बसला होता. पूर्वी हा माणूस फॉर्म भरून द्यायचा. हेल्मेट आल्यापासून त्यानं क्लास काढला होता आणि फलक लावला होता: 'मनात तेच ओठात. शंभर टक्के मेळ.'

"वहिनी, तुमचं दुखणं मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्ही शुभ बोलता. यात अशुभ बोलायला शिकावं लागतं. औषध सोपं आहे. पथ्य कडक आहे."

"काय पथ्य?"

"घरी, दारी, चोवीस तास, मनात येईल तेच बोलायचं. एकदा जिभेला वळण लागलं की हेल्मेटात जीभ घसरत नाही. पण वहिनी, घरचे काय म्हणतील ते मला सांगायला येऊ नका."

प्रणालीनं पथ्य त्याच संध्याकाळी सुरू केलं.

सासूबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, देवापाशी बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर प्रणाली समईपाशी गेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "दिवा विझवते."

आत्याबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. "काय म्हनलीस?"

"विझवते म्हणाले."

"घराचं मसण करायचंय काय गं तुला?"

"परवाना काढायचाय, आत्याबाई. उद्या नारळ फोडणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते."

आत्याबाईंनी रात्रीतून तीनदा उठून समई पाहिली. सकाळी प्रणाली कामाला निघाली आणि उंबऱ्यात म्हणाली, "जाते," तेव्हा म्हातारीनं तिला हाताला धरून आत ओढलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि पुन्हा निघायला लावलं. प्रणाली पुन्हा म्हणाली, "जाते." असं चारदा झालं. साखर संपली.

शब्दांपुरतं होतं तोवर निभावलं. पण जीभ एकदा सरळ चालायला लागली की ती दिव्या-नारळापाशी थांबत नाही. हणमंतची बहीण शैला माहेरपणाला आली होती. निघायच्या दिवशी पिशव्या भरून ती रीतीप्रमाणं म्हणाली, "वहिनी, जाववत नाही गं मला." आता इथं प्रणालीनं म्हणायचं होतं, 'राहा की वन्सं अजून चार दिवस.' शैलाला राहायचं नव्हतं, प्रणालीला ठेवून घ्यायचं नव्हतं, दोघींना ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते वाक्य इतकं बिनधोक होतं. प्रणाली म्हणाली, "निघा वन्सं. मी दमलेय. गाडीपण चुकेल."

शैला रडत रडत गेली. तिचा फोन नवऱ्याला, नवऱ्याचा फोन हणमंतला, आणि हणमंत ताटातला भात नुसता चिवडत बसलेला.

"अहो, बोला की काहीतरी."

"मी काय बोलू?"

"राग आलाय ना?"

"छे. राग कशाचा? मी कुठं काय म्हणतोय?"

आत्याबाई मात्र बोलल्या. "पोटातलं पोटात ठेवायलाच देवानं पोट दिलंया, सूनबाई. समदं बाहेर काढून ठेवलं तर त्याचा कसाईखाना हुतो."

प्रणालीला म्हातारीचा राग आला आणि त्याच वेळी तिचं पटलंही. इतकी वर्षं हे घर चाललं होतं ते खोट्या 'राहा की'वर आणि खोट्या 'राग कशाचा'वर. दाराच्या बिजागरीला तेल लागतं तसं. ते तेल तिनं स्वतःच्या हातानं पुसून काढलं होतं, आणि आता घरात प्रत्येक दार करकरत होतं.

आणि हे तिच्याच घरी चाललं होतं असं नाही. शेजारच्या गावात मुलगी बघायला आलेल्या मुलाला मुलीच्या मामानं हेल्मेट घालायला लावलं आणि विचारलं, "शहरात दुसरी कोण आहे का?" लग्न मोडलं. सोसायटीच्या सभेत कुणीतरी चेअरमनला हेल्मेट भेट दिलं. चेअरमननी ते सत्काराचा नारळ घ्यावा तसं घेतलं आणि डोक्यात काही घातलं नाही. तालुक्याच्या बाजारात जुनी हेल्मेटं विकायला आली आणि ती घेणाऱ्या निम्म्या लोकांकडं गाडीच नव्हती.

चौथ्या खेपेला प्रणाली पास झाली. "दिवा बंद करते," म्हणाली. दिवा बंद झाला. "निघते," म्हणाली, निघाली. म्हैस आली तेव्हा तिनं जीभ दातांत धरली आणि म्हशीला मनात शिव्या दिल्या. "मेळ आहे," ती गोड बाई म्हणाली. "आपण पात्र आहात."

प्रणालीनं हेल्मेट काढलं आणि तांबोळींकडं असं पाहिलं की तेसुद्धा हसले.

"सोबती आणलाय ना?" त्यांनी विचारलं.

हे मात्र तिला ठाऊक होतं. शिकाऊ माणसामागं परवानाधारक सोबती बसलाच पाहिजे, आणि सोबत्यालाही तसंच हेल्मेट. तांबोळींनी नियम वाचून दाखवला. शिकाऊ चालकाच्या गाडीचा ब्रेक सोबत्याच्या हेल्मेटालाही जोडलेला असतो. सोबत्याच्या मनात 'थांबावं' असं आलं की चालकापुढच्या काचेवरचा हिरवा ठिपका लाल होतो. तो नुसता इशारा. गाडी थांबते ती सोबत्यानं तोंडानं 'थांब' म्हटल्यावरच. दोन्ही एक व्हायला हवेत. म्हणून सोबत्याच्याही वाचेचा आणि हेतूचा मेळ तपासायचा.

"साधं आहे," तांबोळी म्हणाले. "शेडगे, हे घाला, आणि म्हणा, 'माझ्या पत्नीनं मोटारसायकल शिकायला माझी हरकत नाही.'"

हणमंतनं केस सारखे केले, हेल्मेट घातलं आणि सभेत बोलावं तसं बोलला, "माझ्या पत्नीनं मोटारसायकल शिकायला माझी काही एक हरकत नाही."

"सोबत्याची वाचा व हेतू यांचा मेळ नाही."

मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. प्रणाली झटकन पुढं झाली. "साहेब, त्यांचंपण माझ्यासारखंच झालं असेल. 'हरकत नाही' आपण असंच म्हणतो. पाय पडला तरी हरकत नाही, चहा सांडला तरी हरकत नाही. त्याला कळलं नसेल."

"बरं. दुसऱ्या शब्दांत म्हणा."

"माझा पूर्ण पाठिंबा आहे," हणमंत म्हणाला.

"मेळ नाही."

"मला आनंदच आहे."

"मेळ नाही." या वेळी बाईच्या आवाजात थोडी दयासुद्धा आल्यासारखी वाटली.

"मशीन बिघडलंय!" हणमंत म्हणाला.

"मेळ नाही."

आता रांग मनमोकळं हसत होती. हणमंतची मान लाल झाली होती. प्रणाली हसली नाही. 'दिवा वाढवते' तिनं म्हटलं तेव्हा मशीन चुकलं होतं, 'येते' म्हटलं तेव्हाही चुकलं होतं. आत्ता ते चुकत नव्हतं, आणि हे तिला मशीनच्या आधी कळायला हवं होतं. 'शिक की' म्हणताना दुसरीकडं गेलेली त्याची नजर. इतकी वर्षं शेजारी झोपून तिनं त्याच्या शब्दांवर भागवलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला, आणि मग त्याचा.

"अहो," ती म्हणाली, "खरं सांगा. तुम्हाला नकोय का?"

"अगं मी कुठं नको म्हणतोय?"

"मेळ नाही."

"परवा कागद द्यायचेत. जागा जाईल माझी. या सगळ्यांसमोर माझी शोभा चाललीय. काय आहे ते एकदा बोलून टाका ना तोंडानं!"

"नको!" हणमंत ओरडला. "नकोय मला! तू गाडी शिकलेली नकोय मला!"



"मेळ आहे," बाई म्हणाली. "सोबती पात्र आहे."

तांबोळींनी मान खाली घालून शिक्का उचलला.

"थांबा साहेब," हणमंत म्हणाला. "मी तर नको म्हणालो!"

"हो. आणि मनापासून म्हणालात."

"मग पात्र कसा?"

"शेडगे, नियमात संमती लिहिलेली नाही. मेळ लिहिलाय. ज्याच्या तोंडातून खोटं 'थांब' येणार नाही असा माणूस मागं बसायला हवा. तुम्ही तसे आहात, आत्ताच सिद्ध झालंय." तांबोळींनी शिक्का मारला. "मी वीस वर्षं या खात्यात आहे. मी नियमाचं काय होतं ते बघणं सोडून दिलंय."

कागद प्रणालीच्या हातात आला. त्यावर तिचा घामेजलेला फोटो होता आणि खाली सोबती म्हणून हणमंतचं नाव. इतकी वाट पाहिली होती, आणि आता तो धरून तिला नीट हसूही येईना.

हणमंतच्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं. ते काढायचं त्याला सुचलं नसावं, किंवा काढावंसं वाटलं नसावं. काच खाली ओढून तो बोलायला लागला, तिच्याकडं न बघता, पडद्यावरच्या खोट्या घाटाकडं बघत.

"घरात तू माझ्याशी बोलतेस कुठं? आईची औषधं, शैलाचे फोन, मीठ संपलंय. गाडीवर बसलीस की बोलतेस. कुठल्या शेळीला जुळी झाली, डॉक्टरीण काय म्हणाली, ठकूबाईनं कुणाला कशी शिवी दिली. चढ संपेपर्यंत बोलतेस. मी मुद्दाम हळू चालवतो. तू गाडी घेऊन गेलीस की ते संपलं. मग मी त्या व्हॅनमधल्या पोरांचा गोंगाट ऐकत म्हातारा व्हायचं."

"मेळ आहे," बाई अधूनमधून सांगत होती. "मेळ आहे." तांबोळींनी शेवटी हात लांब करून तिचा आवाज बंद केला.

प्रणालीच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तिच्या बोलण्याची खातरी द्यायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मलापण आवडतं तुमच्यामागं बसून बोलायला. पण तुम्हाला वेळ नसतो तेव्हा शेळ्या मरतात. मला एकटीनं जायचंय."

हणमंतनं मान हलवली. रांगेतला पुढचा माणूस घसा खाकरत होता, म्हणून दोघं बाहेर आले.

कागद वेळेत पोचले. जागा मिळाली. पण पक्का परवाना मिळेपर्यंत सोबती सुटत नव्हता, म्हणून पहिल्या फेरीला हणमंतनं व्हॅनला बदली माणूस लावला. लशीचा डबा मागच्या कॅरिअरला बांधला. प्रणाली पुढं बसली. हणमंत पाय कुठं ठेवावेत ते शोधत तिच्यामागं बसला. इतक्या वर्षांत त्याला मागचे पायठेवणे कुठं असतात हे माहीत नव्हतं.

गावाची वेस ओलांडली तेव्हा काचेवरचा ठिपका लाल झाला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

ठिपका लाल. तिनं आपल्याशीच दात खाल्ले. पहिल्या चढाला गिअर चुकला, गाडीनं आचका दिला, ठिपका आणखी गडद झाला. आता हा 'थांब' म्हणणार, गाडी जागच्या जागी रुतणार, चढावर ती पुन्हा सुरू करायची, डब्यातला बर्फ वितळायचा, वाड्यावरच्या बाया शेळ्या धरून ताटकळायच्या. त्यानं म्हणायचा अवकाश होता. तिनं खांदे आवळून त्या शब्दाची वाट पाहिली.

पहिलं वळण आलं. डाव्या हाताला दरी सुटलेली, कठडा जेमतेम गुडघाभर. तिनं वेग कमी केला, पण त्याच्या हिशोबी पुरेसा नव्हता. तिच्या कंबरेपाशी त्याच्या मुठी घट्ट वळल्या. काचेवरचा ठिपका नुसता पेटला होता. त्याच्या डोक्यातली प्रत्येक तार गाडीला थांब थांब म्हणत होती. गाडी दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत होती.

वळण मागं पडलं. मग दुसरं. तिसऱ्या वळणावर वरून जीप आली, तेव्हा तिची स्वतःचीच बोबडी वळली. तिनं गाडी कडेला घेतली, जीप गेली, ती पुन्हा रस्त्याला लागली.

"ठकूबाईच्या तरण्या शेळीला जुळी झालीत," ती जरा दम खाऊन पुढं बघतच म्हणाली. "एक पांढरं आहे, एक काळं. काळं दूध ओढत नाही म्हणे."

 तिनं आरशात पाहिलं. त्यानं खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता.

ती बोलत राहिली. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, बबन शिर्केचं सांगितलं, शैला वन्संची माफी कशी मागावी ते विचारलं. धनगरवाड्याची पहिली खोपटी दिसेपर्यंत ठिपका एकदाही हिरवा झाला नाही, आणि हणमंतनं तोंड उघडलं नाही.